निष्ठा कुणी कुणाशी ठेवायची? मंडळी सोडलेल्या एका ताईंना उत्तर

ताई, जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न बराच मोठा होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशाबद्दल बोलतोय. तुम्ही १४ वर्षं एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, होतात, संडे स्कूल घेतलंत, मग खजिन्याचा हिशोब जुळत नाही हे लक्षात आलं, कमिटीत विचारलंत, तर उत्तर राहिलं बाजूला आणि "अभिषिक्तावर (म्हणजे देवाने नेमलेल्या पुढाऱ्यावर) हात टाकू नका", "तुमच्यात निष्ठा नाही" असं ऐकावं लागलं, शेवटी बाहेर पडलात. आता प्रार्थना होत नाही, बायबल उघडवत नाही, आणि डोक्यात एकच घोळतंय की मी देवाशीच बेइमानी केली का, आणि केली असेल तर तो अजून माझ्या बाजूने आहे का. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, तुम्ही त्या आजींबद्दल एक ओळ लिहिलीय, ज्यांना दिसत नाही आणि ज्यांना तुम्ही दर रविवारी दुपारी वचन वाचून दाखवायचात. मंडळी सुटल्यापासून तिकडे गेला नाहीत कारण त्या घरी तीच माणसं भेटतील. त्या ओळीकडे मी नंतर येणारे.

आधी माझी एक गोष्ट सांगून टाकतो. २८ वर्षं पाळकाचं काम केलं, आणि 'निष्ठा' हा शब्द मी स्वतः वाईट पद्धतीने वापरलेला आहे. सुरुवातीच्या काळात एका तरुणाने मीटिंगमध्ये खर्चाबद्दल सरळ प्रश्न विचारला. पैसे कुठेही गेले नव्हते, पावत्या सगळ्या होत्या, पण मला राग आला आणि मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो की तुझं मन मंडळीत नाही. तो गेला तो परत आलाच नाही. पावत्या दाखवायला पाच मिनिटं लागली असती. त्यामुळे तुमच्या पुढाऱ्यांचा निवाडा मी इथे बसून करणार नाही, हिशोबात काय झालं ते मला माहीत नाही. पण प्रश्न विचारला म्हणजे बेइमानी केली, हे जे तुमच्या गळी उतरवलं गेलंय ना, त्याबद्दल बोलता येतं.

हिब्रूत एक शब्द आहे, हेसेद. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, तो जवळजवळ २५० वेळा येतो, त्यातला निम्मा तर स्तोत्रांतच. मराठी बायबलात तो कुठे दया झालाय, कुठे वात्सल्य, कुठे कृपा, आणि यात अनुवाद करणाऱ्यांची चूक नाही, एका शब्दात मावणारी ती गोष्टच नाही. दया म्हटलं की आपल्याला अनोळखी माणसाला केलेली मदत आठवते. हेसेदमध्ये आधीचं नातं असतं, दिलेला शब्द असतो, आणि तो शब्द पाळणं महागात पडत असतानाही पाळलेला असतो. आता तुम्ही म्हणाल मग सरळ निष्ठा म्हणा की. म्हणू, पण एक अडचण आहे. निष्ठा म्हटली की आपल्या डोक्यात ती खालून वर जाते, नोकराची मालकाशी, कार्यकर्त्याची नेत्याशी, प्रजेची राजाशी. बायबलमधला हेसेद बहुतेक वेळा उलटा वाहतो. ज्याच्या हातात जास्त ताकद आहे, जो सहज पाठ फिरवू शकतो आणि कोणी त्याला जाब विचारणार नाही, तो माणूस समोरच्याची गरज बघून थांबतो. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे, कोणाला निघून जायची मोकळीक होती आणि तरी कोण थांबलं, एवढं बघत चला.

रूथचं पुस्तक घ्या, चारच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतं. नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलं गेली, मवाबासारख्या परक्या मुलखात ती रिकामी झाली. ती स्वतःच सुनांना सांगते की माहेरी जा, तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जशा वागलात तसाच परमेश्वर तुमच्याशी हेसेदने वागो. अर्पा रडते, सासूचा मुका घेते आणि जाते. अख्ख्या पुस्तकात अर्पाला कोणी एक शब्द वाईट बोललेलं नाही, हे लक्षात घ्या. प्रवचनांत आपण उगाच तिला खलनायिका करतो, मी पण केलंय. तिला जायला सांगितलं होतं, आशीर्वाद देऊन पाठवलं होतं, ती गेली. रूथलाही तीच मुभा होती, आणि म्हणून तर "तू जाशील तिथे मी येईन" या वाक्याला वजन आहे, कारण दार सताड उघडं होतं. बाहेरून कडी घालून कोणाला आत ठेवलं आणि मग म्हटलं बघा किती निष्ठावान माणूस, तर हसू येईल ना.

त्याच पुस्तकात, पुढे रूथशी लग्न करणाऱ्या बवाजच्या आधी हक्क असलेला एक जवळचा नातलग आहे. शेत घ्यायला तयार होता, पण रूथशी लग्न करून मेलेल्याचं नाव पुढे चालवावं लागेल म्हटल्यावर मागे सरला, माझ्या वतनाचा बिघाड होईल म्हणाला. मेलेल्याचं नाव राखायला नाही म्हणणाऱ्या या माणसाचं नाव लेखकाने कुठेच लिहिलेलं नाही, हिब्रूत त्याला नुसतं अमका तमका म्हटलंय. लिहिणारा मिश्किल होता.

दुसरी गोष्ट मफीबोशेथची, २ शमुवेल ९. तो शौल राजाचा नातू आणि दाविदाचा जिवलग मित्र योनाथान याचा मुलगा, पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. त्या काळात नवीन राजघराणं आलं की जुन्या घराण्याचे वारस मारून टाकायचे ही सरळ रीत होती, त्यामुळे बिचारा लो-दबार नावाच्या आडगावी दुसऱ्याच्या घरात राहत होता. तुझ्या घराण्याशी हेसेदने वागेन असा शब्द दाविदाने योनाथानाला दिला होता, पण योनाथान कधीच मेला होता, दावीद राजा झालेला, शब्द मोडला असता तरी विचारायला कोण येणार होतं? आणि दावीद विचारतो, शौलाच्या घराण्यातलं कोणी उरलंय का ज्याच्यावर मी देवाचा हेसेद करू शकेन? बोलावणं आल्यावर मफीबोशेथ स्वतःला मेलेला कुत्रा म्हणवतो, घाबरलेलाच असणार, आणि राजा त्याला आजोबांची जमीन परत देतो आणि कायमचा आपल्या पंगतीला बसवतो.

म्हणजे राजा पांगळ्या माणसाला निष्ठा दाखवतोय. मंडळीतला मोठा माणूस जेव्हा संडे स्कूलच्या शिक्षिकेकडे निष्ठा मागतो तेव्हा मला हाच अध्याय आठवतो.

आता ते "अभिषिक्तावर हात" प्रकरण, ते वचन आहे १ शमुवेल २४ मधलं, आणि ते इतक्या वेळा हत्यारासारखं वापरलं जातं की मला राग येतो खरं सांगायचं तर. एन-गेदीची गुहा, शौल राजा दाविदाचा जीव घ्यायला मागे लागलेला, अचानक तोच दाविदाच्या हातात सापडतो आणि दावीद त्याला मारत नाही, म्हणतो परमेश्वराच्या अभिषिक्तावर मी हात टाकणार नाही. बरोबर. पण पुढचं वाचा ना. शौल बाहेर पडल्यावर दावीद मागून हाक मारतो, शौलाच्या झग्याचा गुहेत कापून घेतलेला काठ हातात धरून दाखवतो, आणि सगळ्या सैन्यादेखत विचारतो की मी तुझं काय वाईट केलं, परमेश्वर तुझ्यामाझ्यात न्याय करो. म्हणजे पुरावा दाखवला, तोंडावर बोलला, चारचौघांत बोलला. आणि त्यानंतर शौल रडला, तू माझ्याहून नीतिमान आहेस म्हणाला, तरी दावीद त्याच्या वाड्यावर राहायला गेला नाही. शौल घरी गेला आणि दावीद आपल्या गडावर. हात टाकू नका म्हणजे खून करू नका. हिशोब विचारू नका असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

योनाथानाकडे बघा. बापाच्या बाजूने लढाईत उभा राहिला, गिलबोवा डोंगरावर त्याच्याच बरोबर मेला, पण बाप दाविदाला मारायला निघाला तेव्हा समोर उभा राहून म्हणाला की त्याने काय केलंय, त्याला का मारायचं, आणि त्यावर बापाने त्याच्यावरच भाला उगारला. आणि नाथान संदेष्टा. दाविदाने दुसऱ्याची बायको बथशेबा घेतली त्या प्रकरणात राजाच्या तोंडावर "तो मनुष्य तूच आहेस" म्हणणारा हाच नाथान दावीद म्हातारा झाल्यावर, त्याचाच मुलगा अदोनीया राज्य बळकावायला निघाला तेव्हा दाविदाच्या बाजूला उभा दिसतो. तोंडदेखलं गोड बोलणारे बाकीचे तेव्हा अदोनीयाच्या मेजवानीत जेवत होते की नाही ते १ राजे १ मध्ये वाचून घ्या, दाविदाचा जुना सेनापती यवाब तिकडेच होता. खरं बोलणारा शेवटपर्यंत टिकला. हे मी २८ वर्षांत मंडळीतही बघितलंय, होला हो करणारे पहिल्या वादळात गायब, आणि ज्यांनी मला भर मीटिंगमध्ये अडवलं त्यातलेच दोघं माझ्या आजारपणात रोज येऊन बसले.

तर तुम्ही प्रश्न विचारलात यात देवाशी बेइमानी झाली असं मला तरी वचनात कुठे सापडत नाही.

पण तुमचं खरं दुखणं दुसरं आहे, की आत सगळं थंड झालंय आणि देवाने पण हात सोडला असेल. इथे जरा थांबून बोलायला हवं. उत्पत्ती १५ मध्ये देव अब्राहामाशी करार करतो. कालवड, शेळी, मेंढा, तिन्ही तीन तीन वर्षांचे, मधून चिरून समोरासमोर ठेवायचे, शिवाय एक होला आणि पारव्याचं पिल्लू, ते चिरायचे नाहीत. करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं असं होवो, या रीतीचा उल्लेख यिर्मया ३४ मध्ये पण आहे. आणि त्या रात्री काय झालं, अब्राहामाला गाढ झोप लागली आणि धुराची भट्टी आणि जळती मशाल तेवढी मधून गेली. अब्राहाम चाललाच नाही. कराराचा सगळा भार एकाच बाजूने उचलला, आणि दुसरी बाजू झोपलेली होती. तुम्ही लिहिलंय ना की मी आध्यात्मिकदृष्ट्या झोपलेय, त्यावर मला हेच आठवलं.

मग सीनाय डोंगर. मिसरातून सुटून आलेले इस्राएल लोक म्हणतात परमेश्वर सांगेल ते सगळं आम्ही करू, आणि मोशे ४० दिवस डोंगरावर काय राहिला, खाली सोन्याचं वासरू तयार. हनिमून संपायच्या आतच नवरा सोडावा तसं. आणि त्यानंतर, म्हणजे आज्ञांच्या दगडी पाट्या फुटल्यानंतर, निर्गम ३४ मध्ये देव स्वतःची ओळख सांगतो, दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हेसेदने भरलेला. ही ओळख आधी, सगळं छान चाललेलं असताना दिलेली नाही, हे मला नेहमी विशेष वाटतं. पण तिथे राग पण आहे बरं का, शिक्षाही झाली, ३,००० च्या आसपास माणसं मेली. देवाची निष्ठा म्हणजे काहीही करा चालतंय असं नाही. सोडून जाणारा रागावत नाही, तो निघून जातो. राहणारा रागावतो.

आणि प्रार्थना होत नाही याबद्दल. स्तोत्र ८८ बघा, बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजाडतं, या स्तोत्रात उजाडतच नाही, शेवट अंधारावर आहे. त्यात तो विचारतो की तुझा हेसेद काय कबरेत सांगायचा? पुढचंच ८९ वं स्तोत्र हेसेदचं गाणं म्हणून सुरू होतं आणि शेवटाकडे येऊन विचारतं, प्रभू, तुझा तो पूर्वीचा हेसेद कुठे गेला? हे दोन्ही प्रश्न बायबलमध्ये आहेत, म्हणजे उपासनेत मोठ्याने म्हणायला दिलेले आहेत. त्यामुळे तुम्ही रात्री छताकडे बघत जे बोलताय, आणि जी प्रार्थना नाही असं तुम्हाला वाटतंय, ती बहुतेक प्रार्थनाच आहे. विलापगीत ३ मधलं "त्याची दया रोज सकाळी नवी होते" हे आपण कॅलेंडरवर छापतो, पण ते इ. स. पू. ५८६ मध्ये जळालेल्या यरुशलेमकडे बघत लिहिलेलं आहे, आणि आधीच्या ओळींत तो माणूस म्हणतोय की देवाने माझे दात खड्यांनी फोडले. त्या फुटक्या दातांनीच त्याने पुढचं वाक्य म्हटलंय.

बेइमानी खरंच झाली असेल तर? समजा झाली. येशूचा शिष्य पेत्र याची झाली होती, येशूला अटक झाल्यावर मी त्याला ओळखत नाही असं तीनदा म्हणाला, आणि योहान लिहितो की तेव्हा तो कोळशाच्या शेकोटीपाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशू मासे भाजत बसलेला असतो आणि तिथेही कोळशाचाच विस्तव, नव्या करारात तो ग्रीक शब्द फक्त या दोन ठिकाणी येतो. तीन नकार, तीन वेळा "माझ्यावर प्रीती करतोस काय". पण मला त्याहून जास्त लूक २२ आवडतं, कारण तिथे नकार व्हायच्या आधीच येशू सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय, आणि वळलास की भावांना स्थिर कर. पडलास तर असं म्हणत नाही, वळलास की म्हणतो.

पडलेल्याला परत घ्यायचं हे सुरुवातीच्या मंडळीला पचायला जड गेलं. इ. स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सगळ्यांना देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावलं, असे दाखले इजिप्तमध्ये सापडलेत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी बळी दिले, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला, आणि छळ थांबल्यावर परत दारात उभे. काही म्हणाले यांना कधीच आत घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला पश्चात्ताप करू द्या, वेळ लागू द्या, पण दार बंद करू नका. गंमत अशी की सिप्रियन स्वतः त्या छळाच्या वेळी लपून बसला होता आणि त्यावरून त्याला बोलणी खावी लागली होती, आणि पुढे २५८ मध्ये तोच विश्वासासाठी मेला.

मात्र हे फार स्वस्त करू नका. २ तीमथ्य २ मध्ये "आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो" याच्या अगदी आधीची ओळ आहे की आपण त्याला नाकारलं तर तोही नाकारेल. दोन्ही ओळी शेजारी शेजारी आहेत आणि मला त्यातली कुठलीच खोडता येत नाही. माझा अनुभव एवढाच की ज्याला नाकारल्याची भीती वाटते तो अजून दाराशी असतो. खरंच गेलेल्याला झोप छान लागते.

मग आपण निष्ठावान राहायचं म्हणजे काय करायचं. मराठीत किती सोपं झालंय बघा, विश्वास आणि विश्वासू, एकाच शब्दाची दोन टोकं, ग्रीकमध्येही पिस्तिस म्हणजे दोन्ही. ज्याच्यावर टेकायचं त्याच्यासारखं हळूहळू टेकण्याजोगं व्हायचं. होशेय ६ मध्ये देव म्हणतो तुमचा हेसेद सकाळच्या धुक्यासारखा आहे, लगेच उडून जातो, आणि मला यज्ञ नको, हेसेद हवा. मत्तयात येशू हे वचन दोनदा वापरतो, आणि दोन्ही वेळा समोर धार्मिक नियमांचे जाणकार लोक आहेत आणि बाजूला कोणीतरी पापी म्हणून हिणवलेलं किंवा भुकेलं. मोठमोठ्या शपथा घेणाऱ्यांची मला धास्तीच वाटते. स्मुर्णाचा म्हातारा बिशप पॉलिकार्प, इ. स. १५५ च्या सुमारास त्याला ख्रिस्ताला शिव्या दे आणि सुट म्हणाले, तर तो म्हणाला की ८६ वर्षं मी त्याची सेवा करतोय, त्याने माझं काहीही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? सेवेची वर्षं त्याने सांगितली, पण त्याची मदार स्वतःच्या निष्ठेवर नव्हती, ज्याची सेवा केली त्याने आपल्याला कसं वागवलं यावर होती.

व्यवहाराचं थोडं. हिशोबाबद्दल जे पक्कं माहीत आहे तेवढं कागदावर लिहा, ऐकीव वगळा, आणि मत्तय १८ प्रमाणे आधी एकटीने, मग एक दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे, असं केलं का ते तपासा. राहिलं असेल तर करा, झालं असेल तर सोडा आणि व्हॉट्सॲपवर त्या लोकांबद्दल लिहीत बसू नका. नवीन मंडळीत लगेच जबाबदारी घेऊ नका, सहा महिने मागच्या बाकावर बसा, प्रभुभोजन घ्या, घरी जा. मार्क पण एकदा पौलाबरोबरच्या सुवार्तेच्या प्रवासातून अर्ध्यातून परत फिरला होता, त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांची इतकी जुंपली की दोघांचे रस्ते वेगळे झाले, आणि शेवटी तुरुंगातून तोच पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. रस्ते वेगळे झाले तेव्हा बर्णबाने त्याला आपल्याबरोबर नेलं होतं. तुम्हालाही एखादी बर्णबासारखी व्यक्ती लागेल, पुढाऱ्यांपैकी नसली तरी चालेल.

आता आजी. कमिटीशी तुमचं जे काही झालं त्यात तुम्ही खालच्या बाजूला होतात, पण आजींच्या बाबतीत तुम्ही वरच्या बाजूला आहात, तुम्हाला डोळे आहेत, पाय आहेत, यायचं न यायचं तुमच्या हातात आहे, आणि त्या कुठेच जाऊ शकत नाहीत. त्यांनी तुमच्याकडून कुठला हिशोब लपवला नव्हता. त्या घरात कोण भेटेल, काय बोलतील, हे अवघड आहे, मान्य, आधी फोन करून घरात गर्दी नसेल अशी वेळ विचारून घ्या, रविवारच हवा असंही नाही. आणि तुम्हाला स्वतःसाठी बायबल उघडवत नाही ना, मग त्यांच्यासाठी उघडा. काय वाचू विचाराल तर स्तोत्र १३६ वाचा. २६ ओव्या आहेत, प्रत्येकीचा दुसरा भाग तोच, "त्याची दया सनातन आहे", ती हेसेदचीच ओळ आहे. पहिला भाग तुम्ही वाचा, दुसरा त्यांना पाठ असणार. तुमच्या तोंडून शब्द निघाले नाहीत तरी त्या म्हणतील.